जुना मिनी-डीव्ही कॅमेरा आणि विंडोज ११

आपण लिहिले आहे की दारव्ह्याकडे आपला लग्नाच्या शूटिंगचा व्यवसाय आहे, नवा संगणक विंडोज ११ चा आहे, आणि यूएसबी केबल जोडूनही जुन्या मिनी-डीव्ही कॅमेऱ्यातील टेप त्यावर उतरत नाही. टेप कॅमेऱ्याच्या पडद्यावर नीट चालत असेल, तर कॅमेरा भंगारात काढण्याचे कारण नाही. या पिढीच्या बहुतेक कॅमेऱ्यांत यूएसबीची जागा मेमरी कार्डावरील फोटोंसाठी, फार तर लहान आकाराच्या चित्रासाठी दिलेली असे. टेपवरचे पूर्ण चित्रीकरण बाहेर येते ते शेजारच्या चार पिनांच्या फायरवायर जोडणीतून. तिच्यावर ‘डीव्ही’ किंवा सोनीच्या कॅमेऱ्यात ‘आय-लिंक’ असे लिहिलेले असते.

बाजारात फायरवायरचे यूएसबी करून देणारी छोटी पिन स्वस्तात मिळते. ती कृपया घेऊ नका. दोन्हींची माहिती पाठवण्याची पद्धतच वेगळी असल्यामुळे नुसत्या पिनेचा आकार बदलून काहीही साधत नाही. आपला संगणक डेस्कटॉप असेल तर मदरबोर्डवरच्या पीसीआय-एक्सप्रेस स्लॉटमध्ये बसणारे फायरवायर कार्ड घ्यावे, शक्यतो टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची चिप असलेले, आणि सोबत सहा पिन ते चार पिन अशी केबल. केबल जोडताना कॅमेरा व संगणक दोन्ही बंद ठेवावेत. सहा पिनांच्या टोकातून वीजही येते, आणि ते टोक जोर लावून उलटे बसवले गेले तर कॅमेऱ्याची जोडणी कायमची जळू शकते.

कार्ड बसवूनही कॅमेरा दिसला नाही, तर मायक्रोसॉफ्टचा जुना १३९४ ड्रायव्हर (१३९४ म्हणजे फायरवायरच; ड्रायव्हर म्हणजे कार्ड चालवणारा छोटा प्रोग्राम) इंटरनेटवरून उतरवून घ्यावा आणि विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या कार्डासाठी ‘लेगसी’ असे लिहिलेला पर्याय हाताने निवडावा. बहुतेकांचे घोडे इथेच अडते. मग कॅमेरा प्ले किंवा व्हीसीआर मोडवर ठेवून विनडीव्ही हा टेप उतरवून घेणारा मोफत प्रोग्राम उघडावा. एक तासाची टेप उतरायला एक तासच लागतो, आणि तिची फाइल सुमारे १३ जीबीची होते. आपल्याकडे लाइटचा भरवसा नसल्याने कॅमेरा आणि संगणक दोन्ही इन्व्हर्टरवर असलेले बरे.

लॅपटॉपमध्ये असे कार्ड बसत नाही. माझे मत विचाराल तर यवतमाळ किंवा अमरावतीला जुना डेस्कटॉप शोधून तो केवळ याच कामासाठी ठेवावा. त्यावर विंडोजऐवजी लिनक्स टाकले तरी डीव्हीग्रॅब या प्रोग्रामने काम होते. ॲपलचा विचार असेल तर २०२५ च्या मॅकओएस टाहोपासून फायरवायरचा आधार काढून टाकलेला आहे, हे ध्यानात असू द्या.

पिवळ्या-पांढऱ्या-लाल वायरीतून यूएसबी कॅप्चर डिव्हाइसने टेप उतरवता येते खरी, परंतु मुळात डिजिटल असलेले चित्र त्यात एकदा ॲनालॉग होऊन पुन्हा डिजिटल होते आणि कडा पुसट होतात. व्हीएचएस-सी या जुन्या ॲनालॉग टेपांसाठी तोच मार्ग आहे. हाय-८ च्या टेपाही ॲनालॉगच, पण त्या मात्र काही डिजिटल-८ कॅमेरे वाचतात आणि फायरवायरनेच बाहेर देतात.

टेप घालण्यापूर्वी तिच्या कडेची सरकती खूण ‘सेव्ह’ कडे करावी, म्हणजे चुकून वर रेकॉर्डिंग होणार नाही. पावसाळ्यात दमट कपाटात राहिलेल्या टेपेच्या खिडकीतून पांढरी बुरशी दिसत असेल तर ती कॅमेऱ्यात मुळीच घालू नये. बुरशी कॅमेऱ्यातील टेप वाचणाऱ्या हेडला लागते आणि पुढच्या चांगल्या टेपाही खराब होतात.