डोकं आणि मन, डॉक्टरांना दोन्ही सांग

पोरी,

तुझा मेसेज वाचला. आई म्हणते पित्त, मैत्रिणी म्हणतात टेन्शन, चष्मेवाला म्हणतो नंबर नाही. आणि तू विचारतेस, ‘मॅडम, हे खरंच दुखणं आहे की माझ्या मनाचे खेळ?’

अर्धं डोकं ठणकणं, उजेड-आवाज नकोसा होणं, कॉलेजचा जिना चढताना कळ वाढणं, शेवटी ओकारी. या अर्धशिशीच्या खुणा वाटतात. औषध घेतलं नाही तर ती 4 ते 72 तास छळते. ओकारी झाली की आपल्याकडे सगळेच पित्तावर खापर फोडतात, पण ओकारी त्या दुखण्यातलीच. पक्कं निदान डॉक्टरच करतील.

आता मनाचं. अर्धशिशीवाल्यांत नैराश्य आणि चिंता इतरांपेक्षा जास्त आढळते. उलटही होतं, आधी मन खचतं आणि मागून डोकेदुखी लागते. म्हणून मनाचा संबंध निघाला तरी दुखणं खोटं ठरत नाही. मला खटकलं ते तुझं शेवटचं वाक्य, ‘पेपरच्या दिवशीच उठलं तर?’ या धास्तीपायी तू मैत्रिणीच्या हळदीला गेली नाहीस, वर्गात दाराजवळचा बाक धरून बसतेस. डोकं महिन्यातून काही दिवसच दुखतं, धास्ती मात्र रोजची झाली आहे. तिच्यावरही उपचार असतात.

तुझा दिनक्रम मी ओळखून आहे. खानापूरहून सकाळची बस, पोटात चहा-बिस्किट, डबा उघडायला दुपारचे दोन. स्टँडवरच्या बाथरूमला जावं लागू नये म्हणून दिवसभर पाणी नाही. (मुलींना हे सांगावं लागतं, याचा मला राग येतो.) वर संकष्टी नि एकादशी. उपाशी राहणं, पाणी कमी पडणं, झोप मोडणं यांनी अर्धशिशी चाळवते. रविवारी दहापर्यंत लोळणंही तिला मानवत नाही. उठण्या-जेवण्याच्या वेळा शक्य तितक्या ठरलेल्या ठेव. उपासाचं आईशी मी बोलेन. शेवटचा पेपर दिला आणि त्याच संध्याकाळी डोकं उठलं, असंही होतं. ताण उतरतानाही झटका येतो. पाळीच्या आसपास उठतं का, तेही बघ.

दुकानातून सॅरिडॉन आणून पर्समध्ये ठेवतेस ना? तिच्यात वेदनाशामकांबरोबर कॅफीनही असतं. अशा मिश्र गोळ्या महिन्यात 10 किंवा जास्त दिवस, तीन महिन्यांच्या वर घेतल्या की गोळीच डोकेदुखी लावते. मग धास्तीने आणखी गोळी. आजपासून वहीत तारीख, झोप, जेवण, पाळी, गोळी आणि त्या दिवशी मन कसं होतं, हे लिही.

ती वही घेऊन न्यूरॉलॉजीच्या किंवा मेडिसिनच्या डॉक्टरांकडे जा आणि मनाचंही सांग. इथेच पोरं चुकतात. फ्लुनारिझीन नावाची गोळी अर्धशिशी टाळायला आपल्याकडे बरीच दिली जाते, पण तिच्याने काहींचं मन आणखी खचतं. नैराश्य लपवलंस तर डॉक्टर बिचारे तीच लिहून देतील. उलट अ‍ॅमिट्रिप्टिलीन मिळाली आणि मोबाईलवर ‘नैराश्यावरचं औषध’ असं दिसलं, तर घाबरून टाकून देऊ नकोस. अर्धशिशी टाळायलाही ती कमी मात्रेत देतात. दम्याचा त्रास असेल तर तोही सांग, कारण अर्धशिशी टाळायला देतात ती प्रोप्रॅनोलॉल ही गोळी दम्याला चालत नाही.

‘मानसोपचाराला गेली’ असं गल्लीत कुणी म्हणेल, म्हणू दे. रात्री जीव घाबरा झाला, जगणं नको वाटलं, तर 14416 हा टेली-मानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी फोन-मदतीचा, फुकटचा नंबर आहे. 2022 पासून चालू आहे, मराठीतही बोलतात, कन्नडचं दडपण नको. मलाही उठव.

आणि एक. डोकं क्षणात, कधी नव्हे इतकं जोरात दुखलं, तापासोबत मान आखडली, हातपाय लुळे पडले किंवा बोलणं अडखळलं, तर वही-बिही राहू दे, थेट हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जा.

अपॉइंटमेंट कधीची मिळते ते कळव. सोबत कुणी नसेल तर मी येते.

तुझ्या मॅडम
टिळकवाडी, बेळगाव