विक्का हा खरंच प्राचीन धर्म आहे, की जेराल्ड गार्डनरने तो स्वतःच बनवला?

विक्का म्हणजे चेटूक आणि देवीपूजा मानणारा धर्म. तो प्राचीन नाही, 20व्या शतकातला आहे. पण "गार्डनरने बनवला" एवढ्यावर विषय संपवला की माझा जीव तुटतो, कारण त्याचे बरेच विधी लिहिणाऱ्या डोरीन व्हॅलिएन्टेचं नाव कोणी घेतच नाही.

गार्डनर 1884 चा, लिव्हरपूलजवळचा, घरचा लाकडाचा मोठा धंदा. लहानपणापासून दमा, त्यामुळे दाईबरोबर उबदार हवेच्या गावांना फिरण्यातच बालपण गेलं, शाळा अशी झालीच नाही. मग सिलोनला चहाचे मळे, मलायात रबर, नंतर तिथेच कस्टममध्ये नोकरी, आणि 1936 ला रिटायर होऊन इंग्लंडला परत. त्याचं म्हणणं असं की 1939 मध्ये दक्षिण इंग्लंडातल्या न्यू फॉरेस्टच्या बाजूला एका जुन्या कोव्हेनने, म्हणजे चेटकिणींच्या मंडळाने, त्याला दीक्षा दिली आणि ही परंपरा ख्रिश्चन धर्माच्याही आधीपासून चालत आलेली आहे. अशी अखंड परंपरा इतिहासकारांना काही सापडलेली नाही.

1951 ला इंग्लंडमधला 1735 चा विचक्राफ्ट अ‍ॅक्ट रद्द झाला आणि 1954 ला गार्डनरने उघडपणे चेटकावर पुस्तक काढलं. हा कायदा चेटकिणींना जाळायचा होता असं बरेच जण लिहितात, ते चूक आहे. त्यात शिक्षा होती ती अंगात शक्ती असल्याचं सोंग करणाऱ्याला, आणि तीही जास्तीत जास्त वर्षभर कैद. आपल्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याचा रोखही बराचसा असल्या भोंदूगिरीवरच आहे.

आता डोरीन. 1953 ला तिने गार्डनरकडून दीक्षा घेतली आणि त्याची विधींची वही वाचताना तिच्या लगेच लक्षात आलं की यातल्या ओळीच्या ओळी अ‍ॅलिस्टर क्रोली या इंग्रज गूढविद्यावाल्याच्या आहेत. तिने तोंडावर विचारलं, तर गार्डनर म्हणाला तुला जमत असेल तर तू लिही. तिने खरंच लिहिलं, आणि आज जगभर विक्कावाले देवीचं जे आवाहन म्हणतात ते मुख्यतः तिच्या हातचं आहे.

1957 च्या सुमारास गार्डनरचा पेपरवाल्यांचा सोस वाढला म्हणून तिने आणि इतरांनी काही नियम सुचवले. यावर त्याने सांगितलं की नियम तर आधीपासून आहेतच, आणि जुनाट इंग्रजीत लिहिलेली कलमं पाठवून दिली जी तोवर कोणी पाहिलीसुद्धा नव्हती! त्यात एक कलम असं की मुख्य पुजारीण वयस्क झाली की तिने तरुण बाईसाठी जागा सोडावी. तेव्हा डोरीन पस्तिशीची, हा स्वतः सत्तरी ओलांडलेला. ती बाहेर पडली ते बरोबरच केलं.

1964 ला गार्डनर जहाजावर असतानाच वारला, ट्युनिसला त्याचं दफन झालं. त्याच सुमारास रेमंड बकलँडने हा पंथ अमेरिकेत नेला.

पुढे काही अभ्यासक म्हणू लागले की ज्या डोरोथी क्लटरबकच्या घरी दीक्षा झाली म्हणून गार्डनर सांगायचा ती बाईच अस्तित्वात नव्हती. तर 1980 च्या सुमारास डोरीननेच रेकॉर्ड ऑफिसं धुंडाळून तिचे जन्ममृत्यूचे दाखले शोधून काढले. जन्म 1880 चा, आपल्या हिंदुस्थानातला, वडील इथे फौजेत होते. बाई खरी निघाली. ती चेटकीण होती हे मात्र त्या दाखल्यांवरून सिद्ध होत नाही.