व्हिएतनामी भाषेत कडू आणि तुरट यांना वेगळे शब्द आहेत का?

आहेत. कडू म्हणजे 'डंग', तुरट म्हणजे 'चात'. दक्षिणेत शेवटचा त 'क'सारखा ऐकू येतो, म्हणून 'चाक'. खरं तर इथेच थांबायला हवं, पण याच दोन शब्दांवरून माझं वाशीच्या एका शेठशी वाजलंय.

मी वेंगुर्ल्याचा. दक्षिण व्हिएतनाममधल्या बिन्ह फुओक भागातल्या कारखान्यांतून काजूगर तपासून पाठवायचो. एका लॉटला साल नीट निघाली नव्हती, गरांच्या खाचेत तपकिरी पापुद्रे राहिले होते. कारखान्यातल्या बाईंनी गर चावला आणि म्हणाल्या, 'चान चाक'. म्हणजे किंचित तुरट. आपण 'कडू कडू' म्हणून चव वाढवतो, ते शब्दाची जोडी करून ती सौम्य करतात. 'डंग डंग' म्हणजे जरासं कडवट, पहिला सूर सपाट, दुसरा चढा. दुभाष्याने अहवालात लिहिलं 'बिटर'. झालं! शेठ म्हणाले, माल खवट आहे, भाव पाडा. अहो, खवट तेलाच्या वासाला तिथे 'होय याउ' म्हणतात, आणि ते कुणी उच्चारलंही नव्हतं. बोंडू, म्हणजे काजूचं फळ, खाल्लेल्या माणसाला तुरट आणि कडू यांतला फरक शिकवायचा का? पण शेठनी बोंडू फक्त फोटोत पाहिलेला.

तुरट हा तिकडे दोष नाहीच. थाय न्गुयेनचा चहा आधी 'चात' लागतो, मग घशात गोडी उतरते. तुरटपणा नसेल तर पिणारे नाक मुरडतात. हिरव्या केळ्याच्या चकत्या भाजलेल्या मांसाबरोबर मुद्दाम खातात. कडूचंही तसंच. आन झांगमध्ये कडुनिंबाचा कोवळा पाला सुक्या मासळीत कालवून ताटभर खातात, आपण पाडव्याला चिमूटभर गिळतो तेही तोंड वाकडं करून. दक्षिणेत नववर्षाला, तेतला, भरल्या कारल्याचं सूप हवंच, कारण कारलं म्हणजे 'खो क्वा', आणि 'खो' दुःख, 'क्वा' सरणं.

शिकायचंच असेल तर शब्दकोश बाजूला ठेवा, बाजारात घासाघीस करा. भाव चढा असला की 'या चाक' म्हणतात, तुरट भाव. आणि काजूच्या धंद्यात असाल तर अहवालावर सही करण्याआधी गर स्वतः चावा, दुभाष्यावर सोडू नका.

हे उच्चार बहुतेक दक्षिणेतले. हानोईत कारल्याला 'मुअप डंग' म्हणतात, तिथे 'खो क्वा' मागितलंत तर तुम्ही सायगावहून आलात हे लगेच कळेल.