५०० मायक्रोग्रॅमला ६० टक्के पेशी मेल्या, म्हणजे अर्क कर्करोगविरोधी ठरतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: पानांचा मिथेनॉल अर्क काढला, एमसीएफ-७ या स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींवर ४८ तास ठेवला, एमटीटी (जिवंत पेशी रंगावरून मोजायची चाचणी) केली आणि ५०० मायक्रोग्रॅम प्रति मिलीला ६० टक्के पेशी मेल्या. आता ‘अर्क कर्करोगविरोधी आहे’ असं प्रबंधात लिहावं का, आणि पुढे काय करावं?

तसं लिहू नका. या आकड्याची तीन-चार वेगळी कारणं असू शकतात आणि ती एकेक करून बाद केल्याशिवाय त्याला अर्थ येत नाही. काम वाया गेलेलं नाही, फक्त कंट्रोल (तुलनेसाठीचे संच) राहिले आहेत.

आधी डोस बघा. ५०० मायक्रोग्रॅम प्रति मिली म्हणजे पाच लिटर रक्तात अडीच ग्रॅम अर्क विरघळलेला हवा, आणि इतर ऊतींत जाणारा वेगळाच. एवढ्या डोसला स्वयंपाकातल्या कितीतरी वनस्पतींचे अर्कही पेशींना त्रास देतात. कच्च्या अर्काची आयसी-५० (परिणाम निम्म्यावर आणणारी तीव्रता) साधारण २० ते ३० मायक्रोग्रॅम प्रति मिलीच्या खाली आली तरच पुढे जायचं, असा या क्षेत्रात रूढ संकेत आहे. शुद्ध संयुगासाठी ४ च्या आसपासची मर्यादा धरतात. मात्र अर्क कमजोर म्हणून त्यात काहीच नाही, असंही नसतं. पॅसिफिक यू झाडाच्या सालीत पॅक्लिटॅक्सेल हे कर्करोगावरचं औषध वजनाच्या ०.०१ टक्क्याच्या आसपासच असतं, तरी तेच संयुग शुद्ध रूपात नॅनोमोलर, म्हणजे अगदी सूक्ष्म, प्रमाणात पेशींचं विभाजन थांबवतं. म्हणून ५०० ला आलेल्या परिणामावर दावा करू नका, पण अर्क फेकूनही देऊ नका. त्याचे अंश पाडा, म्हणजे घटक गटागटाने वेगळे करा, त्याबद्दल खाली लिहितो.

आता ‘६० टक्के मेल्या’ हे वाक्य. एमटीटीमध्ये जिवंत पेशी पिवळ्या रंगद्रव्याचं जांभळं फॉर्मझान करतात आणि आपण ५७० नॅनोमीटरला रीडिंग घेतो, म्हणजे रंग किती गडद ते मोजतो. समजा कंट्रोलचं रीडिंग १.०० आणि अर्काचं ०.४०. यावरून तुम्ही ६० टक्के मेल्या असं काढलंत. पण अर्क घातला त्या क्षणी रीडिंग किती होतं? समजा ०.२५. म्हणजे ४८ तासांत कंट्रोल चौपट झाला आणि अर्कातल्या पेशी ०.२५ वरून ०.४० वर गेल्या. त्या घटल्या नाहीत, वाढल्याच, फक्त सावकाश. गणित असं: (०.४० − ०.२५) भागिले (१.०० − ०.२५), म्हणजे २० टक्के वाढ. वाढ ८० टक्क्यांनी रोखली, पण मेल्या असं म्हणायला आधार नाही. रीडिंग ०.२५ च्या खाली गेलं असतं, तर पेशी खरोखर कमी झाल्या असं म्हणता आलं असतं. त्यामुळे प्रत्येक प्रयोगात एक जादा प्लेट ठेवा आणि अर्क घालतानाच तिचं रीडिंग घ्या. एका प्लेटचाच खर्च आहे, तरी बहुतेक प्रबंधांत ही प्लेट नसते, याचं मला वाईट वाटतं.

दुसरी अडचण खुद्द एमटीटीची. पानांच्या मिथेनॉल अर्कात पॉलिफेनॉल आणि टॅनिन भरपूर उतरतात, आणि ती पेशींच्या मदतीशिवायच एमटीटीचं फॉर्मझान करतात. मग मेलेल्या पेशी जिवंत दिसतात. ओळखायची खूण सोपी आहे: डोस वाढवत गेलात की रीडिंग आधी उतरतं आणि सर्वांत वरच्या डोसला पुन्हा चढतं. खात्रीसाठी पेशी न घातलेल्या वेल्समध्ये (प्लेटच्या खळग्यांत) मीडियम (पेशी वाढवायचं पोषक द्रावण), अर्क आणि एमटीटी एवढंच घालून चार तास ठेवा. जांभळं झालं, तर त्या अर्कासाठी ही पद्धत तशीच वापरता येणार नाही. मीडियम काढून पीबीएसने (क्षारांच्या साध्या द्रावणाने) दोनदा हलक्या हाताने धुऊन मग एमटीटी घातली तर त्रास बराच कमी होतो, पण सैल झालेल्या पेशी धुण्यात निघून जातात आणि उलट्या दिशेची चूक होते.

म्हणून रंगीत, टॅनिनयुक्त अर्कांना मी एसआरबी पद्धत सुचवतो, तिच्यात रंग पेशींतल्या प्रथिनांना धरतो. वेलमध्ये २०० मायक्रोलिटर मीडियम असेल, तर ५० टक्क्यांचं थंडगार ट्रायक्लोरोॲसेटिक ॲसिड ५० मायक्रोलिटर घाला, म्हणजे वेलमध्ये ते १० टक्के होतं. थेट मधोमध ओतलं तर पेशी उखडतात, भिंतीवरून सोडा. ४ अंशाला एक तास ठेवा, पाण्याने पाच वेळा धुवा, प्लेट पूर्ण वाळू द्या. मग १ टक्का ॲसेटिक ॲसिडमधला ०.४ टक्के एसआरबी १०० मायक्रोलिटर, अर्धा तास. जादा रंग १ टक्का ॲसेटिक ॲसिडनेच धुवायचा, पाण्याने नाही, कारण पाण्याने प्रथिनांना धरलेला रंगही सुटतो. वाळल्यावर १० मिलिमोलर ट्रिस, पीएच १०.५, २०० मायक्रोलिटर घालून ५१० ते ५४० च्या दरम्यान रीडिंग घ्या. इथेही पेशी नसलेल्या वेल्स हव्यातच. टॅनिनमुळे सीरममधली प्रथिनं साकळून तळाला चिकटतात आणि तीही रंग धरतात.

अर्क काढण्याबद्दल. वनस्पतीची ओळख वनस्पतिशास्त्रज्ञाकडून पक्की करून हर्बेरियममध्ये (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात) नमुना जमा केला नसेल, तर बाकी सगळं लटकतं. पानं सावलीत वाळवा, ४० अंशांच्या वर तापवू नका. ५० ग्रॅम भुकटीला ५०० मिली मिथेनॉल, हलवत २४ तास, गाळून तोच चोथा आणखी दोनदा. रोटरी इव्हॅपोरेटरचं पाणी ४० अंशांवर ठेवा. मिथेनॉल पूर्ण गेलं की नाही हे वासावर ठरवू नका. लागोपाठच्या दोन वजनांत फरक येईनासा झाला की थांबा. अर्क कोरडा किती मिळाला ते टक्क्यांत नोंदवा, उणे २० अंशाला ठेवा.

स्टॉक (पुढे पातळ करायचं दाट द्रावण) करताना हमखास होणारी चूक: अर्क डीएमएसओ या द्रावकात १०० मिलिग्रॅम प्रति मिली छान विरघळतो, पण मीडियममध्ये टाकला की गढूळ होतो, आणि मग तो फिल्टरने गाळला जातो. परिणाम करणारा भाग फिल्टरवर राहतो आणि वहीत मात्र २०० मायक्रोग्रॅम लिहिलेलं असतं. मीडियममध्ये घातल्यावर एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली बघा. कण किंवा स्फटिक दिसले तर तो डोस वापरू नका, खालचाच खरा. गाळायचंच असेल तर डीएमएसओमधला स्टॉक ०.२२ मायक्रॉनच्या नायलॉन किंवा पीटीएफई फिल्टरने गाळा. सेल्युलोज ॲसिटेटचा फिल्टर डीएमएसओत विरघळतो. वेलमध्ये डीएमएसओ ०.२ टक्क्यांच्या आत ठेवा आणि प्रत्येक डोसला, कंट्रोललाही, तेवढाच. तुमच्या ५०० च्या डोसला १०० मिलिग्रॅमच्या स्टॉकमधून डीएमएसओ ०.५ टक्के गेला असणार. कंट्रोलमध्ये नुसतं मीडियम असेल, तर परिणामाचा काही भाग त्याचा असू शकतो. मीडियमचा रंगही बघा. अर्क घातल्याबरोबर लालसर मीडियम पिवळं पडलं, तर पेशी आम्लामुळे त्रासल्या असतील.

प्लेटची मांडणी अशी करा: कडेच्या ३६ वेल्समध्ये पीबीएस, कारण तिथलं पाणी उडून डोस वाढतो. आतल्या ६० मध्ये प्रत्येकी ५,००० पेशी १०० मायक्रोलिटरमध्ये, २४ तास चिकटू द्या, मग दुप्पट तीव्रतेचा अर्क १०० मायक्रोलिटर. डोस २०० पासून निम्मे निम्मे करत ३.१२५ पर्यंत. ज्ञात औषध म्हणून डॉक्सोरुबिसिन प्रत्येक प्लेटवर ठेवा. त्याचा आकडा दर वेळी भटकत असेल, तर तुमच्या अर्काच्या आकड्यावरही विश्वास ठेवू नका. एका प्लेटवरच्या तीन वेल्स म्हणजे तीन प्रयोग नव्हेत. वेगवेगळ्या दिवशी, वेगळ्या पॅसेजच्या (नव्याने वाढवलेल्या पिढीच्या) पेशींवर तीनदा करा आणि आयसी-५० चार घटकांच्या (फोर-पॅरामीटर) वक्रावरून काढा, सरळ रेष ओढून नाही. सेल लाइनचं एसटीआर प्रोफाइल (पेशी त्याच आहेत ना, याची डीएनएवरून ओळख) आणि मायकोप्लाझ्मा (छुपा जिवाणू संसर्ग) तपासणी आधीच करून घ्या.

निरोगी पेशींशी तुलना लागतेच. आयसी-५० मध्ये तीन किंवा जास्त पट फरक असेल तर अर्क निवडक आहे असं म्हणतात. पण निरोगी फायब्रोब्लास्ट (संयोजी ऊतीच्या पेशी) सावकाश वाढतात, आणि विभाजन रोखणारं कुठलंही द्रव्य सावकाश वाढणाऱ्या पेशींना कमीच इजा करतं. तो फरक कर्करोगाचा नसून वेगाचा असू शकतो. दोन्ही पेशींचा दुप्पट होण्याचा काळ शेजारी लिहा, वाचणाऱ्याला कळेल.

सॅपोनिनची शंका वेगळी तपासा. सॅपोनिन ही वनस्पतींतली फेसाळ द्रव्यं पेशीचं आवरण साबणासारखं फोडतात. दोन तासांतच एलडीएच (पेशीच्या आतलं एन्झाइम) मीडियममध्ये उतरलं, किंवा २ टक्के लाल रक्तपेशींचं द्रावण फुटून लाल झालं, तर तो परिणाम कर्करोगाशी जोडता येत नाही. पॉलिफेनॉल मीडियममध्येच हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतात, म्हणून एका संचात कॅटलेज (पेरॉक्साइड मोडणारं एन्झाइम) घाला. परिणाम नाहीसा झाला, तर पेशी पेरॉक्साइडने मरत होत्या. आणि एमसीएफ-७ मध्ये डीएनएची शिडी (तुटलेल्या डीएनएचे जेलवरचे पट्टे) शोधत बसू नका. या पेशींत कॅस्पेज-३ हे एन्झाइम नसतं, त्यामुळे ॲपॉप्टोसिस (पेशीचा नियोजित मृत्यू) होऊनही शिडी नीट दिसत नाही. ॲनेक्सिन आणि पीआय या रंगखुणा लावून फ्लो सायटोमीटरवर (पेशी एकेक करून तपासणाऱ्या यंत्रावर) बघा.

यातून जे टिकेल त्याचे अंश पाडा: अर्क पाण्यात मिसळून हेक्झेन, क्लोरोफॉर्म, एथिल ॲसिटेट, ब्युटेनॉल या क्रमाने. विभाजक नरसाळं जोरात हलवलं की फेसाळ थर बसतो आणि तासन्तास सुटत नाही, म्हणून हळूहळू उलटंपालटं करा, चिमूटभर मीठ टाका. प्रत्येक अंशाचं वजन आणि आयसी-५० दोन्ही लिहा. चारही अंश मूळ अर्कापेक्षा कमजोर निघाले, तर संयुग खराब झालंय, कुठेतरी अडकलंय, किंवा दोन घटक मिळून काम करत होते. अंश पुन्हा एकत्र करून तपासलं की निम्मं उत्तर मिळतं. सिलिका कॉलम लावण्याआधी एलसी-एमएस (घटक वेगळे करून वस्तुमानावरून ओळखायची चाचणी) करून घ्या. नाहीतर वर्षभर खपून हाती उर्सोलिक ॲसिड किंवा क्वेर्सेटिन येतं, जे शेकडो झाडांत आधीच सापडलेलं आहे.

आत्तापुरतं प्रबंधात एवढंच लिहा: ‘या अर्काने ५०० मायक्रोग्रॅम प्रति मिलीला ४८ तासांत एमसीएफ-७ पेशींचं एमटीटी रीडिंग कंट्रोलच्या ४० टक्क्यांवर आणलं.’ आणि उद्या पहिली प्लेट लावाल ती पेशींशिवायच लावा: मीडियम, अर्काचे सगळे डोस, एमटीटी, चार तास. एमटीटी ठेवायची की एसआरबीकडे वळायचं, हे तिच्यावरून ठरेल.