महिन्याला शंभर रुपये वाचतात म्हणून बँक बदलू का?

वाचकांचे प्रश्न : पैशाचं काय करू

प्रश्न : ताई नमस्कार, मी खानापूर तालुक्यातली, जांबोटीच्या अलीकडं आमचं गाव. घरूनच डिझाइनिंगचं काम करते, लग्नपत्रिका, बॅनर, बेळगावच्या दोन-तीन दुकानांचे सोशल मीडियाचे फोटो वगैरे. त्यासाठी एक सॉफ्टवेअर, फॉन्टची मेंबरशिप आणि वेबसाइटचं होस्टिंग मिळून महिन्याला ४० डॉलर जातात. माझी जुनी बँक आहे तिचं ॲप एकदम सोपं, आई पण मराठीत करून वापरते, पण परदेशी पेमेंटला साडेतीन टक्के लावतात. मैत्रीण म्हणाली दुसऱ्या एका बँकेचं कार्ड घे, तिकडं शून्य टक्के आहे, म्हणून घेतलं. पण त्यांचं ॲप म्हणजे डोक्याला ताप झालाय, आमच्याकडं रेंजची एकच कांडी असते, सिम व्हेरिफाय होत नाही, मधेच लॉगआउट होतं, इंटरनॅशनल चालू-बंद करायचं बटण शोधायला मला दोन दिवस लागले. भाऊ म्हणतो पैसे वाचतात तर थोडा त्रास सोस की, आई म्हणते जुनंच बरं. त्यात भाऊ पुढच्या वर्षी शिकायला जर्मनीला जायचं म्हणतोय, मग तर सगळं याच बँकेतून करूया असं त्याचं चाललंय. जुनं खातं बंद करून सगळं इकडं आणू का? काय ते स्पष्ट सांगा.

उत्तर : स्पष्टच सांगते, जुनं खातं बंद करायचं नाही. बाकीचं आता निवांत बोलूया.

तुझा हिशोब मी कागदावर मांडून बघितला. डॉलर रोज वरखाली होतो, सोपं जावं म्हणून ९० रुपये धरूया. ४० डॉलर म्हणजे ३,६०० रुपये, त्याचे साडेतीन टक्के १२६ रुपये, आणि या १२६ वर परत १८ टक्के जीएसटी म्हणजे २२ रुपये ६८ पैसे. हा जीएसटी बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही, कारण स्टेटमेंटमध्ये त्याची ओळ वेगळी असते आणि कधीकधी दोन-तीन दिवसांनी येते, त्यामुळं साडेतीन टक्के म्हणतात ते प्रत्यक्षात ४.१३ टक्के पडतात. तुझे महिन्याला १४८ रुपये ६८ पैसे, वर्षाला १,७८४ रुपये. आता नवीन कार्डची वर्षाची फी किती ते तू लिहिलं नाहीस, समज ५०० आणि वर जीएसटी असेल तर ५९० त्यातच गेले, राहिले १,१९४. म्हणजे महिन्याला शंभर रुपये. आणि खात्यात मिनिमम बॅलन्स ठेवायची अट असेल आणि तो एखाद्या महिन्यात चुकला तर तेवढा दंड त्यातूनही वजा कर.

शंभर रुपयांना मी कमी लेखत नाही गं. पत्रिकेतल्या एका करेक्शनचे पन्नास रुपये मागितले तर गिऱ्हाईक किती घासाघीस करतं ते तुला चांगलं माहीत आहे. पण त्या शंभराच्या बदल्यात हातातून काय जातंय ते पण बघायला पाहिजे, आणि ते स्टेटमेंटमध्ये कुठंच छापून येत नाही.

मागच्या पावसाळ्यात माझ्याकडंही असंच शून्य टक्केवालं कार्ड होतं. रात्री पावणेदोनला उशाजवळचा मोबाइल थरथरला, बघते तर ४९ डॉलर गेल्याचा मेसेज, साइटचं नाव मी जन्मात ऐकलेलं नाही. ओटीपी आलाच नव्हता. आपल्याकडं ऑनलाइन पैसे भरताना ओटीपीची इतकी सवय झालीय की तो आल्याशिवाय पैसे जात नाहीत असंच आपण धरून चालतो, पण परदेशातल्या कितीतरी साइटना तो लागतच नाही, कार्डचा नंबर, एक्स्पायरी आणि मागचे तीन आकडे एवढं मिळालं की झालं. मी धडपडत ॲप उघडलं तर 'मेंटेनन्स सुरू आहे, थोड्या वेळाने प्रयत्न करा'. तेवढ्यात दुसरा ४९ चा मेसेज. हेल्पलाइन लावली, आधी भाषा निवडा, मग सोळा आकडी नंबर टाका, अंधारात चष्मा सापडेना, एक आकडा चुकला की पुन्हा पहिल्यापासून. कार्ड बंद व्हायला बावीस मिनिटं लागली आणि तोवर तिसरं पेमेंट गेलं होतं. माझ्या जुन्या बँकेच्या ॲपमध्ये हेच काम पहिल्या पानावरच्या एका बटणाचं आहे.

पैसे परत मिळाले, कारण मी त्याच रात्री तक्रार नंबर घेतला होता. हे सगळ्यांनीच लक्षात ठेवा, रिझर्व्ह बँकेचा २०१७ पासूनचा नियम आहे, तुमची चूक नसताना बाहेरच्या कुणी पैसे काढले आणि बँकेचा मेसेज आल्यापासून तीन कामाच्या दिवसांत तुम्ही कळवलं तर नुकसान तुमच्या अंगावर येत नाही, आणि कळवल्यापासून दहा कामाच्या दिवसांत बँकेनं ती रक्कम खात्यात तात्पुरती जमा करायची असते. चौथ्या ते सातव्या दिवसात कळवलं तर काही रक्कम तुमच्या माथी येऊ शकते. बँकेनं ३० दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी बघणाऱ्या अधिकाऱ्याकडं, फुकट तक्रार करता येते, रिझर्व्ह बँकेचा माहितीचा नंबर १४४४८ आहे. पण हे सगळं तक्रार वेळेत गेली तरच, आणि तुमच्या भागात रेंजच नाही, ॲप उघडतच नाही, तर तक्रार जाणार कशी?

म्हणून ॲप सोपं आहे का हे मी रंगावरून किंवा ऑफरांवरून ठरवत नाही, अडचणीच्या वेळी ते किती पटकन हाताला येतं त्यावरून ठरवते. २०२० पासून नवीन कार्ड परदेशी व्यवहारासाठी बंदच येतं, आपण होऊन चालू करायचं आणि मर्यादा आपणच ठरवायची अशी सोय रिझर्व्ह बँकेनं बँकांना द्यायला लावली, ती सोय चांगलीच आहे, पण ती ॲपच्या पोटात सातव्या पानावर दडवली तर माणसाच्या काय उपयोगाची.

आता तू काय करायचं ते सांगते. आज रात्री घरात बसून, शेजाऱ्यांचं वायफाय न घेता, त्याच एका कांडीवर नवीन ॲप उघड आणि कार्ड बंद करून परत चालू कर. घड्याळ लाव. मग फोन बंद करून पुन्हा चालू कर आणि परत एकदा कर. दोन-तीन मिनिटांत जमलं तर कार्ड ठेव, पण फक्त परदेशी पेमेंटपुरतं, त्या खात्यात महिन्याला चार-साडेचार हजारच टाकायचे, कामाचे पैसे येतात ते खातं, आईचं खातं, यूपीआय सगळं जुन्याच बँकेत. आणि सारखं चालू-बंद करत बसू नको. नेमकं पैसे कापायच्या दिवशी कार्ड बंद राहिलं तर होस्टिंग थांबेल आणि तुझ्या गिऱ्हाइकाची वेबसाइट दिसायची बंद होईल. त्यापेक्षा एका व्यवहाराची मर्यादा दोन-अडीच हजारावर आणून ठेव, मग कुणी नंबर चोरला तरी एका दणक्यात मोठी रक्कम जात नाही. तिन्ही मेंबरशिपच्या तारखा एकाच आठवड्यात आणता आल्या तर बघ, म्हणजे पैसे टाकायचं एकदाच लक्षात ठेवायचं.

दर महिन्याला आपोआप कापल्या जाणाऱ्या पैशांसाठी कार्डवर मँडेट, म्हणजे पैसे कापायची आगाऊ परवानगी, नोंदवावं लागतं, पैसे कापायच्या २४ तास आधी सूचना येते, आणि १५,००० रुपयांपर्यंत दर वेळी ओटीपी लागत नाही. ती मँडेटची यादी नवीन ॲपमध्ये दिसते का, आणि तिथूनच रद्द करता येते का, हे पण बघून ठेव.

चाचणीत ॲप नापास झालं तर कार्ड परत कर आणि खुशाल ते १,७८४ रुपये जुन्या बँकेला भर, त्यात काही वेडेपणा नाही. मात्र त्याआधी जुन्या बँकेतच विचार, तुमच्याकडं दोन टक्केवालं कार्ड आहे का. बऱ्याच बँकांची वेगवेगळ्या दरांची कार्डं असतात आणि आपण होऊन विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. दोन टक्क्यांनी तुझे वर्षाला साधारण १,०२० होतात, ॲप तेच, आईचं मराठी तेच, आणि साडेसातशे रुपये वाचले. मला विचारशील तर तुझ्यासाठी हाच रस्ता सगळ्यात बरा. फक्त वार्षिक फी आधी विचारून घे.

अजून एक, एखादी साइट दर रुपयात दाखवते म्हणून फी लागणार नाही असं समजू नको. कंपनी परदेशात नोंदलेली असेल तर रुपयातल्या पेमेंटवरही काही बँका १ टक्का लावतात.

आता भावाचं. तो दोन वेगळ्या गोष्टी एकात घालतोय. जर्मनीच्या व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे जिथून दर महिन्याला ठरावीकच पैसे काढता येतात अशा खात्यात, वर्षाचे ११,९०४ युरो ठेवावे लागतात, सप्टेंबर २०२४ पासूनचा हा आकडा आहे, जायच्या वेळी वाढलाय का ते बघून घ्या. ही रक्कम कार्डवरून पाठवायचीच नाही, ती बँकेतून वायर ट्रान्सफरनं जाते आणि तिथं कार्डच्या शून्य टक्क्यांचा काडीचा संबंध नाही. तिथं बँक युरोचा भाव काय लावते त्याला महत्त्व. बँकेनं युरोमागं फक्त एक रुपया जास्त घेतला तर ११,९०४ रुपये गेले, म्हणजे तू दहा वर्षं सोसून जेवढे वाचवशील तेवढे एका सहीत! छोट्या शाखेत हे काम सहसा होत नाही, कागद बेळगावला पाठवतात, त्यामुळं सरळ बेळगावला जा, एकाच दिवशी, शक्यतो एकाच तासात, तीन बँकांमध्ये विचारा, आणि 'भाव काय' एवढंच नको, 'तिकडं पूर्ण ११,९०४ युरो पोचायला माझ्या खात्यातून एकूण किती रुपये जाणार' असं विचारून कागदावर लिहून घ्या. मधल्या बँका वाटेत पैसे कापतात, ते आपण भरणार की पोचणाऱ्या रकमेतून जाणार हे त्यातच उलगडतं. एका आर्थिक वर्षात दहा लाखांच्या वर पैसे परदेशी पाठवले तर वरच्या रकमेवर टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक घेते तो आगाऊ कर, कापतात, बँकेच्या शैक्षणिक कर्जातून पाठवले तर १ एप्रिल २०२५ पासून नाही. कापलेला टीसीएस इन्कम टॅक्सचं रिटर्न भरताना वळता होतो, पण तोवर ते पैसे अडकून पडतात, म्हणून कर्जातून पाठवायचे की घरचे पैसे पाठवायचे हे घरात बसून ठरवा.

तिकडं गेल्यावर मात्र त्याला कमी फीचं कार्ड कामाला येईल, आणि तिथं ॲप तर चांगलंच पाहिजे. आपल्या बऱ्याच बँकांचं ॲप नोंदवलेलं सिम त्याच फोनमध्ये असेल तरच चालतं. त्यानं जायच्या आधी इकडंच नवीन फोनवर ॲप चालू करून घ्यावं, रोमिंग सुरू ठेवावं आणि इकडचा नंबर रिचार्जवाचून मरू देऊ नये, नाहीतर तिकडं बसून तो काही करू शकणार नाही आणि तुला खानापूरच्या शाखेत हेलपाटे. दुकानातल्या मशीननं 'रुपयात भरू की युरोत' विचारलं तर युरोच म्हणायचं. रुपयात म्हटलं की भाव ते लोक त्यांच्या मनाचा लावतात.

प्रश्न : निपाणीहून लिहितोय. वय ६८. आम्ही आठ-दहा जण दिवाळीनंतर काशी करून पशुपतिनाथला जाणार. पुतण्या म्हणतो कमी फीचं नवीन कार्ड काढा. मला कन्नड वाचता येत नाही, इंग्रजी जेमतेम, बँकेतले फॉर्म कन्नड, हिंदी, इंग्रजीत. काढू का?

उत्तर : काका, नका काढू. आठ दिवसांसाठी नवीन खातं, नवीन पिन, नवीन ॲप शिकायचं आणि परत आल्यावर ते बंद करायला चकरा मारायच्या, एवढं त्यात वाचत नाही. नेपाळमध्ये भाव ठरलेला आहे, आपल्या १०० रुपयांचे १६० नेपाळी. शिवाय २०२४ पासून तिथल्या बऱ्याच दुकानांत क्यूआर स्कॅन करून आपलं यूपीआय चालतं, फक्त तुमच्या ॲपमध्ये यूपीआय इंटरनॅशनल आधी चालू करावं लागतं आणि पैसे भरताना नेट लागतं. एटीएम शेवटचा उपाय ठेवा, तिथली बँक वेगळी फी घेते आणि वर आपली बँक लावते ते आहेच.

आणि भाषेचं तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत. आपल्या सीमाभागात शाखेत मराठी फॉर्म मिळत नाही म्हणून कितीतरी माणसं न वाचताच सही करतात. पण बऱ्याच ॲपमध्ये सेटिंगला गेलं की भाषांच्या यादीत मराठी सापडते, राज्य कुठलं ते ॲप विचारत नाही. पुतण्याला नवीन कार्डाऐवजी एवढं काम सांगा, ॲप मराठीत करून दे आणि कार्ड बंद करायचं बटण कुठं आहे ते दाखव. मग तो शेजारी नसताना तुम्ही स्वतः एकदा कार्ड बंद करून परत चालू करा, निपाणीत असतानाच, गाडीत बसायच्या आधी.