अर्ध्या बैठकीचे शंभर किलो

प्रिय पोरा,

तुझा स्क्वॉटचा, म्हणजे खांद्यावर बार घेऊन मारलेल्या बैठकीचा, व्हिडिओ पाहिला. बारवर शंभर किलो आहेत हे खरं, पण तू खाली गेलासच कुठे? पॉवरलिफ्टिंगच्या स्पर्धेत कंबरेजवळची मांडीची घडी गुडघ्याच्या माथ्याखाली गेल्याशिवाय पंच पांढरा दिवा, म्हणजे उचल मान्य असल्याची खूण, देत नाहीत. तिघांपैकी दोघांचे दिवे पांढरे लागतात. तुला तिन्ही लाल मिळाले असते. बाकावर उताणं पडून बार छातीवरून वर ढकलायच्या बेंच प्रेसचं तर विचारूच नकोस. डोक्यामागे उभा असलेला तुझा दोस्त "तुझं तूच, तुझं तूच" म्हणून ओरडतोय आणि बारखाली त्याचीच आठ बोटं, मानेच्या शिरा टरारलेल्या. त्या दिवशी व्यायाम त्याला जास्त झाला.

रागावू नकोस. आकड्याची हौस तुझ्या वयात असायचीच. पहिले दोन-तीन महिने बारवरचं वजन भराभर वाढतं, कारण मज्जासंस्था आधी शिकते. आहेत त्याच स्नायूंतले जास्त तंतू एका वेळी कामाला लावते. स्नायू नंतर भरतात, स्नायू हाडाला बांधणाऱ्या कंडरा त्याहून सावकाश तयार होतात. मग आकडा अडतो. आणि नेमकं तेव्हाच बैठक चार बोटं वर थांबायला लागते. कुणाला फसवायचं मनात नसतं, म्हणून तर ते लक्षात येत नाही.

एक साधी वही घे. वजन, किती वेळा उचललं, आणि आणखी किती वेळा जमलं असतं, एवढं लिही. कुणाचा हात लागला तर ती खेप धरायची नाही. दांडी मारलीस त्या दिवसाचं पानही कोरं सोडू नकोस, कारण लिही. "अभ्यास होता" लिहिण्याआधी त्या संध्याकाळी पुस्तक उघडलं होतं का, ते आठव. "आईशी भांडलो, डोकं फिरलं होतं" चालेल. "कंटाळा आला" तर फारच चालेल. महिन्याने सगळं सलग वाच. माझ्याकडच्या बहुतेक पोरांच्या वहीत छाती-दंड आठवड्यातून तीनदा आणि पाय अमावस्येला! मला काही बोलावं लागत नाही.

सांगलीचा वेटलिफ्टर संकेत सरगर आठवतो? २०२२ ची बर्मिंगहॅमची राष्ट्रकुल स्पर्धा, ५५ किलो गट. स्नॅच, म्हणजे एका दमात डोक्यावर, ११३; क्लीन अँड जर्क, म्हणजे आधी खांद्यावर, मग डोक्यावर, १३५; एकूण २४८. जर्कच्या दुसऱ्या प्रयत्नात कोपर दुखावलं, तरी तिसऱ्या प्रयत्नालाही तो उतरला. मलेशियाच्या खेळाडूचे २४९ झाले. एका किलोनं सुवर्ण हुकलं, रौप्य आलं. तिथे "साधारण शंभर" असं वजनच नसतं.

तेव्हा सोमवारी सत्तर लाव. पूर्ण बैठक, टाच न उचलता, पाच-पाचचे तीन सेट. नीट झाले तर पुढच्या खेपेला अडीच किलो वाढव, दोन्ही बाजूंना सव्वा-सव्वा. सव्वाच्या प्लेटा कोपऱ्यात धूळ खात पडलेल्या असतील, शोधाव्या लागतील. शेजारचा हसेल, हसू दे.

राहता राहिला तुझा प्रोटीन पावडर घ्यायची का, हा प्रश्न. डबा महाग असतो आणि पैसे वडिलांचे आहेत. आधी महिनाभर त्याच वहीत रोज काय खाल्लंस, अंडी किती, डाळ-दही किती, आणि रात्री झोपलास किती वाजता, ते लिही. मग डबा घ्यायचा की नाही, ते तूच मला सांग.

तुझा,
वस्ताद