अर्जातला रिकामा रकाना

ती आली तीच हातात अर्ज घेऊन. नर्सिंगच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाचा अर्ज. सगळं भरलेलं, फक्त एक रकाना कोरा: ‘हा अभ्यासक्रम तुम्हाला का करायचा आहे?’

“तीन आठवडे झाले मॅडम. मुदत संपत आली. एक ओळ सुचत नाही.”

ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत; तिला इथे सिस्टरच म्हणते. तिने खाली बसून जे विचारलं ते मात्र जसंच्या तसं देते, कारण हा प्रश्न समुपदेशनासाठी माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच नर्सेस वेगवेगळ्या शब्दांत विचारतात. “मला पेशंटशी बोलता येत नाही. मग वॉर्डात राहून काय करू? शिकवायला गेलेलं बरं ना?”

बोलायला जमत नाही म्हणून शिक्षक व्हायचं! मला हसू आलं, ते मी दाबलं. मग विचारलं, बोलता येत नाही हे कधी कळलं?

चार वर्षं ती सर्जिकल वॉर्डात होती. आठ महिन्यांपूर्वी बदली होऊन अतिदक्षता विभागात आली. एका रात्री अकराच्या सुमारास एका पेशंटच्या मुलीने दाराशी गाठून विचारलं, “बाबा बरे होतील ना?” हिच्या तोंडून निघून गेलं, “काळजी करू नका, सगळं ठीक होईल.” पहाटे ते गेले. मुलगी रडली नाही, ओरडली नाही. जाताना एवढंच म्हणाली, “तुम्ही म्हणाला होतात ना.”

तेव्हापासून नातेवाईक दिसले की ही सलाइन बघायला वळायची. बीपी घ्यायचं, नोंद करायची, निघायचं.

इथे मी स्वतः एक चूक केली. तिचं ऐकून झाल्यावर म्हणाले, “यात तुमचा काही दोष नव्हता. होईल हळूहळू कमी.” तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी गप्प झाले. तिने त्या मुलीला जे दिलं, तेच मी तिला देत होते. समोरच्याचं दुःख आपल्याला सोसत नाही, म्हणून आपण घाईघाईने त्यावर झाकण ठेवतो. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ साली ‘नोट्स ऑन नर्सिंग’मध्ये पोकळ आशा आणि फुकटचे सल्ले यांवर अख्खं प्रकरण लिहिलंय. रोग्याला असल्या धीराने बळ येत नाही, उलट तो थकतो, असं त्यांचं निरीक्षण. खोड जुनी आहे, आणि ती समुपदेशकांनाही असते.

मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, “आता तरी मला अगं-तुगं करा.” खरं काम तिथून सुरू झालं.

पुढच्या वेळी मी ती मुलगी झाले, ती सिस्टर. “बाबा बरे होतील ना?” तिने मला रक्तदाब, ऑक्सिजन, किडनी असं व्याख्यान दिलं. दुसऱ्यांदा म्हणाली, “डॉक्टरांना विचारा.” तिसऱ्यांदा नुसतीच थांबली.

“थांबलीस ते बरं केलंस,” मी म्हटलं. “आता सांगण्याआधी विचार.”

वाईट बातमी सांगण्यासाठी कर्करोगतज्ज्ञांकरता २००० साली मांडलेली स्पाइक्स नावाची सहा पायऱ्यांची पद्धत आहे. तिच्यातही माहिती देण्याआधी पेशंटला काय ठाऊक आहे आणि किती जाणून घ्यायचंय, हे विचारायचं असतं. नर्सने आजाराचं भाकीत करायचं नाही, ते डॉक्टरांनी सांगायचं. पण खोटं न बोलता सोबत राहता येतं. बऱ्याच खाडाखोडीनंतर तिची वाक्यं तयार झाली: “डॉक्टरांनी तुम्हाला काय सांगितलंय?... हो, प्रकृती गंभीर आहे. रात्रभर मी इथेच आहे. काही बदल झाला तर लगेच बोलावते. आत येऊन त्यांचा हात धरून बसायचंय का?” शेवटचा प्रश्न तिचा तिलाच सुचला. मला सुचला नसता.

घरी जाणाऱ्या पेशंटला “समजलं ना?” विचारणंही सोडायला सांगितलं. त्यावर सगळेच मान डोलावतात. त्यापेक्षा, “मी नीट सांगितलं की नाही ते बघायचंय. गोळ्या कशा घेणार, मला सांगा बरं.” परीक्षा आपल्या सांगण्याची, त्यांच्या डोक्याची नाही.

बोलताना कळलं की रात्री डॉक्टरांना फोन करायला ही अजिबात कचरत नाही. स्थिती काय, पार्श्वभूमी काय, मला काय वाटतंय, तुम्ही काय करावं: एसबार पद्धतीने चार वाक्यांत मोकळी. म्हणजे बोलता येत नाही ही तक्रारच खोटी. तिथे साचा होता, नातेवाइकांपुढे नव्हता, एवढंच.

शिवाय ती नव्या विभागात होती. नर्सिंगच्या अभ्यासक पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ साली नर्सच्या कौशल्याच्या नवशिकी ते निष्णात अशा पाच पायऱ्या मांडल्या. त्यात एक गोष्ट सहज नजरेतून सुटते: अनोळखी विभागात गेलेली अनुभवी नर्सही पुन्हा नवशिकीच असते. ही मात्र स्वतःला चार वर्षांच्या मापाने मोजत होती.

मग अर्ज. पळून जाण्यासाठी घेतलेली पदवी वाईटच, असं मी म्हणणार नाही. कधी कधी पळणंही गरजेचं असतं. पण आपण पळतोय की कुठे निघालोय, हे फी भरण्याआधी कळावं. तिला म्हटलं, शिकवणाऱ्या, क्लिनिकल स्पेशालिटी (म्हणजे थेट पेशंटच्या सेवेतलं विशेष शिक्षण) केलेल्या आणि प्रशासनात गेलेल्या अशा तिघींना भेट. पदाबद्दल विचारू नकोस. कालचा दिवस कसा गेला, ते विचार. वॉर्डातला अनुभव किती लागतो, नोकरी सांभाळून शिकता येतं का, हे त्या त्या संस्थेकडूनच समजून घे, कारण नियम सगळीकडे सारखे नसतात. आणि त्या मुलीचा प्रसंग सोडून, गेल्या महिन्यातली कोणती ड्यूटी तुला आवडली?

त्या वर्षीची मुदत तिने जाऊ दिली.

माझा अंदाज होता की ती आता क्लिनिकल बाजूच धरेल. चुकला. पुढच्या वर्षी अर्ज दाखवायला आली तो शिक्षणशाखेचाच होता. आवडलेली ड्यूटी म्हणे ती, जिच्यात तिने एका नव्या सिस्टरला नातेवाइकांसमोर कसं उभं राहायचं ते दाखवलं होतं.

रकाना तीन ओळींचा होता. तिने कागद उलटून मागेही लिहिलं होतं, आणि सुरुवात केली होती रात्री अकरापासून.